नकार देणारा दवाखाना

शस्त्रक्रियागृहात भूल देण्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ वापरात असलेले केटामीन हे औषध, भुलेच्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी मात्रेत शिरेवाटे सावकाश दिले असता, महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही न हललेली खिन्नता कित्येक रुग्णांत काही तासांतच ओसरू लागते, ही मनोविकारशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे. आणि ज्या घरातील एखादे माणूस वर्षानुवर्षे जगण्याची सारी उमेद हरवून बसले आहे, त्या घराला ही वार्ता ऐकून जी आशा वाटते, ती सर्वस्वी स्वाभाविक आहे. परंतु आशा जितकी उत्कट, तितकी निवड घाईची होते. बंगळूरसारख्या शहरात, जेथे मानसिक आरोग्याची देशातील अग्रगण्य संस्था आणि इंदिरानगर-कोरमंगल भागांतील नवनवे खाजगी दवाखाने एकमेकांपासून फारसे दूर नाहीत, तेथे केटामीनच्या साहाय्याने मानसोपचार घ्यावयाचा झाल्यास तो कोठे घ्यावा, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे, आणि त्यांत मराठी कुटुंबांपुढेही, उभा राहतो. या प्रश्नाच्या विचारात एक गोष्ट प्रथमच सांगून टाकणे इष्ट होईल. औषध सर्वत्र तेच असते आणि त्याची किंमतही फारशी नसते. दवाखान्या-दवाखान्यांत जो भेद पडतो तो औषध देण्यापूर्वीच्या चौकशीत, देतानाच्या दक्षतेत आणि दिल्यानंतरच्या पाठपुराव्यात पडतो. यास्तव ज्या दवाखान्याला अपात्र रुग्णास ‘हा उपचार तुमच्यासाठी नाही’ असे स्पष्ट सांगता येते, तोच पात्र रुग्णाने निवडण्याजोगा होय.

औषधाचे पूर्ववृत्त

केटामीन १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस या औषधकंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने प्रथम सिद्ध केले. १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एडवर्ड डोमिनो व गुंटर कॉर्सेन यांनी तेथील तुरुंगातील कैद्यांवर त्याचा पहिला मानवी प्रयोग केला, आणि १९७० साली अमेरिकन शासनाने त्यास भुलेचे औषध म्हणून मंजुरी दिली. भुलेच्या इतर अनेक औषधांनी श्वासोच्छ्वास मंदावतो व रक्तदाब उतरतो, तसे केटामीनने सहसा होत नाही. म्हणून व्हिएतनामच्या रणभूमीवर जखमी सैनिकांसाठी, आणि पुढे यंत्रसामग्री तुटपुंजी असलेल्या लहानसहान रुग्णालयांसाठी, ते मोठा आधार ठरले, व जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. या भुलेतून शुद्धीवर येणारे रुग्ण मात्र विलक्षण अनुभव कथन करीत: आपण देहाबाहेर तरंगत होतो, काळ थांबला होता, अवतीभवतीचे जग दूरचे व परके झाले होते. या अनुभवाकडे भूलतज्ज्ञांनी दुष्परिणाम म्हणून पाहिले, तर काही मनोविकारतज्ज्ञांना त्यात उपचाराची शक्यता दिसली. रशियातील येवगेनी क्रुपित्स्की यांनी १९८५ च्या सुमारास लेनिनग्राड येथे मद्यासक्त रुग्णांशी आधी व नंतर विस्तृत संभाषण करून मध्ये केटामीन देण्याची पद्धती सुरू केली. आज जिला केटामीन-साहाय्यित मानसोपचार म्हणतात, तिच्या उगमांपैकी हा एक उगम होय.

खिन्नतेवरील उपयोगाचा धागा निराळा आहे. २००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी, ज्यांत अमित आनंद हेही होते, दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने केटामीन चाळीस मिनिटांत सलाईनवाटे देऊन अवघ्या सात रुग्णांतील फरक नोंदविला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ रुग्णांवर हाच प्रयोग केला. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांना लक्षणीय उतार पडला, परंतु आठवडाभर तो टिकून राहिला केवळ ३५ टक्क्यांत. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत, कारण त्यांत या उपचाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही सामावलेली आहेत. पुढे २०२३ मध्ये याच अमित आनंद यांच्या नेतृत्वाखाली ४०३ रुग्णांत केटामीनची विद्युत्-उपचाराशी, म्हणजे ज्यास आपल्याकडे शॉक देणे म्हणतात त्याच्याशी, तुलना झाली. वास्तवाचे भान सुटलेले नाही अशा, बहुतांशी बाह्यरुग्ण असलेल्या लोकांत केटामीनने ५५ टक्क्यांना तर विद्युत्-उपचाराने ४१ टक्क्यांना गुण आला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या १८६ रुग्णांवर झालेल्या तुलनेत मात्र उलट दिसले: विद्युत्-उपचाराने ६३ टक्के, केटामीनने ४६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, कोणता उपचार श्रेष्ठ हे आजाराच्या स्वरूपावर व तीव्रतेवर अवलंबून आहे, आणि जो दवाखाना या दोहोंपैकी एकाचेच नाव घेतो, तो रुग्णापुढे अर्धीच हकीकत ठेवतो.

आणखी एक प्रयोग येथे विशेष मननीय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल घेतलेल्या ४० खिन्न रुग्णांपैकी काहींना केटामीन व काहींना नुसते मिठाचे पाणी देण्यात आले. भुलेत असल्यामुळे आपल्याला काय मिळाले हे कोणासच कळले नाही, आणि दोन्ही गटांत उतार जवळजवळ सारखाच पडला. एवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही, कारण अन्य प्रयोगांत गुंगी आणणाऱ्या दुसऱ्या औषधापेक्षा केटामीन सरस ठरलेले आहे. तथापि रुग्णाची अपेक्षा, त्याला मिळालेला जिव्हाळा आणि त्याच्याकडे पुरविले गेलेले लक्ष यांचा वाटा किती मोठा असू शकतो, हे यावरून उमगते. दवाखान्याची निवड ही गौण बाब का नव्हे, याचे उत्तर येथेच आहे.

मेंदूत ग्लुटामेट नावाचे जे संदेशवाहक द्रव्य आहे, त्याच्या एका ग्राहीस्थानाला केटामीन अटकाव करते, आणि त्या पाठोपाठ मज्जापेशींमधील जोडण्या नव्याने वाढीस लागतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. पावसानंतर जमिनीला वाफसा येतो तेव्हाच पेरणी साधावी लागते. तो गेला की जमीन पुन्हा टणक होते, आणि नुसता वाफसा आला म्हणून पीकही येत नाही. केटामीननंतरच्या काही दिवसांचे असेच आहे, अशी मानसोपचारकांची धारणा आहे: मन किंचित सैल झालेले असते, जुन्या विचारांची पकड ढिली झालेली असते, आणि त्या अवधीत जाणत्या उपचारकासोबत काम झाले तर ते रुजण्याचा संभव अधिक. इंग्लंडमध्ये ९६ मद्यासक्त रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केटामीन आणि मानसोपचार ही जोडी सर्वांत फलदायी दिसली खरी. परंतु खिन्नतेच्या बाबतीत या जोडीचा पुरावा अद्याप तोकडा आहे, आणि चांगला दवाखाना हे स्वतःहून सांगतो.

बंगळूरचा अनुभव

म्हैसूर संस्थानच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि १९७४ मध्ये त्या दोहोंच्या एकीकरणातून होसूर रस्त्यावरील निम्हान्स ही संस्था आकारास आली. २०१५-१६ मध्ये या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त असल्याचे, आणि खिन्नतेच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. केटामीनचा प्रश्न हा उरलेल्या थोड्या लोकांतीलही थोड्यांचा आहे, याचे भान या आकड्यांनी राहते. ज्याने अजून एकाही साध्या औषधाचा पुरता प्रयोग केलेला नाही, त्याने प्रथम केटामीनच्या दाराशी जाणे युक्त नव्हे.

या विषयातील बंगळूरचे ऋण अधिक नेमके सांगता येते. निम्हान्सचे मनोऔषधशास्त्राचे प्राध्यापक चित्तरंजन आंद्रादे यांनी २०१७ पासून अमेरिकेतील एका प्रतिष्ठित मनोविकार-नियतकालिकात खिन्नतेवरील केटामीनसंबंधी सहा लेखांची माला लिहिली. त्यांत परिणामकारकता, पात्रता, मात्रा, देण्याची वाट व वेग, अन्य औषधांशी होणारा संयोग आणि आत्महत्येच्या विचारांवरील उपयोग यांचा क्रमवार परामर्श घेतलेला आहे. म्हणजे केटामीन कसे द्यावे याचे जगभर वाचले जाणारे विवेचन ज्या शहरात लिहिले गेले, त्या शहरातील रुग्णाला जाहिरातीच्या पत्रकावर विसंबण्याचे कारण नाही. निम्हान्समध्ये किंवा शहरातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जाऊन, खाजगी दवाखान्याने सुचविलेल्या उपचारावर दुसरे मत घेता येते. रांग लांब असते, अर्धा दिवस मोडतो, हे खरे. परंतु आयुष्याच्या प्रश्नावर अर्धा दिवस ही मोठी किंमत नव्हे.

कायदा काय मागतो

केटामीनचा नशेसाठी होणारा गैरवापर वाढल्यामुळे केंद्र शासनाने फेब्रुवारी २०११ मध्ये त्याचा समावेश गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखालील पदार्थांत केला, आणि २०१३ मध्ये औषध-नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही त्याची नोंद झाली. या परिशिष्टातील औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतील एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते, आणि साठ्याचा हिशेब नोंदवहीत चोख राखावा लागतो. मार्च २०२० मध्ये शासनाने दूरवैद्यकाचे, म्हणजे फोनवरून वा पडद्यावरून सल्ला देण्याचे, जे नियम जारी केले, त्यांत या परिशिष्टातील औषधे अशा रीतीने लिहून देण्यास साफ मनाई केलेली आहे. तेव्हा प्रत्यक्ष तपासणी न करता केटामीनची गोळी किंवा फवारा घरपोच पाठविण्याची तयारी कोणी दाखविली, तर अधिक चौकशीची गरज उरत नाही. तो दवाखाना तेथेच यादीतून बाद करावा. अमेरिकेत कोविडच्या साथीच्या काळात घरपोच केटामीनचा प्रघात पडला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील औषध प्रशासनाला त्याच्या धोक्यांविषयी जाहीर इशारा द्यावा लागला; त्याच महिन्याच्या अखेरीस मॅथ्यू पेरी हा लोकप्रिय नट घरी मृतावस्थेत आढळला, शवविच्छेदनात केटामीनचा तीव्र परिणाम हे मृत्यूचे प्रमुख कारण ठरले, आणि पुढील वर्षी त्याला ते पुरविणाऱ्यांवर, त्यांत डॉक्टरांवरही, खटले दाखल झाले. तो ज्या उपचारासाठी प्रथम डॉक्टरांकडे गेला होता तो रीतसर उपचारच होता, आणि घात देखरेखीबाहेरच्या सेवनाने केला, ही गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या नातलगाने ध्यानी धरावी.

भारतात केटामीनला मंजुरी आहे ती भूल देण्यासाठी. खिन्नतेवर ते देणे हा डॉक्टरांच्या व्यावसायिक विवेकाचा भाग आहे. असे करणे बेकायदा नव्हे, परंतु संमतिपत्रात ते स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे. दवाखान्याची नोंदणी कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना अधिनियमाखाली झालेली असावी व तिचा दाखला दर्शनी लावलेला असावा. रुग्णास दाखल करून ठेवणारी संस्था असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे राज्य प्राधिकरणाकडील नोंदणीही हवी. मनोविकारतज्ज्ञ एम.डी., डी.एन.बी. अथवा डी.पी.एम. असून वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे ना, आणि मानसोपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, याची खातरजमा करण्यात संकोच मानू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पाटीपेक्षा नोंदणीचा क्रमांक विचारावा.

पहिली भेट: चौकशी कोणाची कोण करतो

पहिल्या भेटीत दवाखाना आपणास किती प्रश्न विचारतो, यावर त्याची पारख होते. आजवर कोणती औषधे, किती मात्रेत, किती आठवडे घेतली, याचा तपशील विचारला गेला पाहिजे; कारण किमान दोन औषधे पुरेशा मात्रेत व पुरेशा मुदतीपर्यंत घेऊनही गुण न आलेली खिन्नता, हीच केटामीनच्या विचाराची रूढ पायरी आहे. थायरॉइड किंवा रक्तक्षय यांसारखे शारीरिक कारण, उन्मादाचे पूर्वीचे झटके, मद्याचे किंवा अन्य नशेचे व्यसन, घरातील छिन्नमनस्कतेचा इतिहास, गरोदरपण, हृदयविकार, यकृताचे व मूत्राशयाचे विकार, सध्या चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या या सर्वांची विचारपूस व्हावी, रक्तदाब मोजला जावा, गरज दिसल्यास हृदयाचा आलेख काढला जावा. आटोक्यात नसलेला रक्तदाब, रक्तवाहिनीचा फुगवटा, भ्रम-भास होणारा विकार, गर्भारपण, चालू असलेले व्यसन, यांपैकी काही आढळले तर विवेकी डॉक्टर थांबतो, आधी त्याचा इलाज करतो किंवा दुसरी वाट दाखवितो. दहा मिनिटांच्या बोलण्यानंतर सहा वा दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी ही चौकशी झालेलीच नसते.

आपणही उलट प्रश्न विचारावेत. आजवर येथे किती रुग्णांना नकार दिला आणि कशासाठी, हा प्रश्न मी सर्वांच्या अग्रस्थानी ठेवीन. गुण न आल्यास कोणत्या टप्प्यावर थांबणार? विद्युत्-उपचार, चुंबकीय उपचार, औषधांची फेरमांडणी यांपैकी काय माझ्यासाठी अधिक योग्य, याचा विचार झाला आहे काय? माझ्या पूर्वीच्या डॉक्टरांशी आपण बोलणार काय? या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर कितीही विद्वान असला, तरी शुद्ध हरपलेल्या घटकेत त्याच्या हाती देह सोपविणे उचित नव्हे.

औषधाचा दिवस

सर्वसाधारण पद्धतीत आठवड्यातून दोनदा, दोन-तीन आठवडे, सलाईनवाटे चाळीस मिनिटांत केटामीन दिले जाते. त्या दिवशी काही तास आधीपासून उपाशी राहावे लागते. औषध चालू असताना रक्तदाब, नाडी व रक्तातील प्राणवायू यांवर सतत लक्ष हवे, कारण रक्तदाब बहुधा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चढतो. खोलीत प्राणवायूचा सिलिंडर, घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र, कृत्रिम श्वासाची पिशवी आणि तातडीच्या औषधांचा ट्रे आहे ना, आणि ते वापरता येणारा माणूस, म्हणजे भूलतज्ज्ञ किंवा तसे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, त्याच इमारतीत हजर आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. ‘फोन केला की येतात’ हे उत्तर बंगळूरच्या रहदारीत पुरेसे नाही. अशा प्रसंगी रुग्ण कोणत्या रुग्णालयात हलविला जाईल, याचेही उत्तर तयार असावयास हवे.

खोली शांत असावी, प्रकाश मंद असावा, मध्येच कोणी आत-बाहेर करू नये. हे चोचले नव्हेत. या अर्ध्या-पाऊण तासात रुग्णाला आपल्या देहापासून सुटल्यासारखे वाटते, कधी विलक्षण शांती तर कधी तीव्र भय वाटते, मळमळते, चक्कर येते. अशा वेळी शेजारी परिचित माणूस असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. रुग्ण स्त्री असेल तर संपूर्ण वेळ स्त्री-परिचारिका उपस्थित असावी, आणि भीती वाटल्यास हात धरावा की नाही, एवढ्या साध्या स्पर्शाचीही संमती आधीच, पूर्ण शुद्धीत असताना, घेतलेली असावी. गुंगीतील माणूस नकार देऊ शकत नाही. म्हणून त्याचा नकार आधीच विचारून ठेवणे हे दवाखान्याचे कर्तव्य होय. नंतर किमान दोन तास निरीक्षण, घरी नेण्यास जबाबदार माणूस, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालविण्यास बंदी हे नियम ज्या ठिकाणी शिथिल आहेत, तेथे बाकीचे नियमही शिथिल असतील असे समजावे. दुचाकीवरून एकट्याने आलेल्या रुग्णाला औषध न देता परत पाठविणारा दवाखाना कठोर वाटेल. तोच विश्वासार्ह आहे.

मानसोपचार आणि मातृभाषा

पुष्कळ ठिकाणी ‘साहाय्यित मानसोपचार’ हे शब्द पत्रकावर असतात आणि प्रत्यक्षात सलाईन लावून, ती संपल्यावर रुग्णाला घरी धाडण्यात येते. नुसते केटामीन देणे हा स्वतंत्र, मान्य उपचार आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गोष्टीचे पैसे घेतले जातात ती घडली पाहिजे. औषधापूर्वी निदान एक-दोन तयारीच्या बैठका, ज्यांत काय जाणवेल याची पूर्वकल्पना व कोणत्या दुःखाशी काम करावयाचे याची बोलणी होतील; आणि प्रत्येक मात्रेनंतर, शक्यतो एक-दोन दिवसांत, अनुभवाचा अर्थ लावून तो दैनंदिन आचरणात उतरविण्याची बैठक; इतके झाले तरच त्यास मानसोपचार म्हणावे. या बैठका कोण घेणार, त्याचे नाव काय, तो औषधाच्या दिवशी हजर असणार काय, हे विचारून घ्यावे.

शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी बोलणारी घराणी या शहरात नांदत आलेली आहेत, आणि आज संगणक-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून आलेली तरुण मंडळी त्यांत मिळाली आहेत. कचेरीत इंग्रजी आणि बाजारात मोडके कन्नड-हिंदी बोलून व्यवहार निभतो. परंतु औषधाच्या अमलाखाली, आणि त्यानंतरच्या हळव्या अवस्थेत, माणूस बहुधा घरच्या बोलीतच बोलू लागतो, वडिलांविषयी, आजीविषयी, बालपणीच्या भीतीविषयी जे शब्द येतात ते त्याच बोलीतले असतात. म्हणून आपली भाषा समजणारा उपचारक मिळतो काय, हे पाहणे हा हट्ट नव्हे. तसा न मिळाल्यास, पुढील बैठका महाराष्ट्रातील एखाद्या मराठी उपचारकाबरोबर दूरध्वनीवरून घेऊन औषध मात्र बंगळूरला घेणे, अशी तडजोडही दोघांच्या संमतीने करता येते. संभाषणाला दूरवैद्यकाच्या नियमांची आडकाठी नाही, आडकाठी आहे ती औषधाला. आणि संमतिपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत समजावून दिलेले असावे. आपल्याकडे वडीलधारे सही करतात आणि रुग्ण मान डोलावतो. परंतु २०१७ चा अधिनियम निर्णयक्षम रुग्णाची स्वतःची संमती मागतो, त्याला आपला प्रतिनिधी नेमण्याचा, आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा व आपली कागदपत्रे पाहण्याचा हक्क देतो. आई-वडिलांनी मुलावर, किंवा पतीने पत्नीवर, प्रेमापोटी का होईना, हा उपचार लादू नये.

खर्च आणि नंतरचे महिने

औषध स्वस्त असल्यामुळे देयकातील मोठा भाग जागेचा, माणसांचा व वेळेचा असतो, आणि तो योग्यही असू शकतो. मात्र प्रत्येक बाबीचा तपशील लेखी मिळावा. कर्नाटकच्या कायद्याने दरपत्रक दर्शनी ठेवणे खाजगी आस्थापनांवर बंधनकारक आहेच. विमा मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने लागू असावा असे २०१७ चा अधिनियम सांगतो. तरी मंजुरीबाहेरच्या वापराचा खर्च मिळेल काय, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. एका वेळी एकाच बैठकीचे पैसे द्यावेत, आणि दोन-चार मात्रांनंतर, ठरीव प्रश्नावलीने मोजून, पुढे जावयाचे की थांबावयाचे याचा निर्णय व्हावा.

कारण आजार पुन्हा उलटणे हा या उपचाराचा खरा प्रश्न आहे. अमित आनंद यांच्या उपरोक्त तुलनेत ज्यांना केटामीनने गुण आला, त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला. म्हणून पहिल्याच दिवशी ‘नंतर काय?’ याची तजवीज झाली पाहिजे: गोळ्या चालू ठेवावयाच्या काय, मानसोपचार किती महिने, पुन्हा मात्रा लागल्यास किती अंतराने आणि कमाल किती. दीर्घकाळ व वारंवार घेतल्यास केटामीनने मूत्राशयाला इजा होते व त्याची चटक लागू शकते. दर महिन्याला विनाचौकशी मात्रा देत राहणारा दवाखाना रुग्णाला बरे करीत नाही, त्याला बांधून ठेवतो. ज्या माणसाच्या मनात आज, या घटकेस, जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याने तर दवाखान्यांची तुलना करीत बसू नये: निम्हान्सचा तातडीचा विभाग रात्रंदिवस उघडा असतो, आणि केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. २०२२ साली सुरू झालेल्या या सेवेचे समन्वयनही बंगळूरच्या निम्हान्सकडेच आहे.

वाचकांना माझे आवाहन एवढेच की, केटामीनविषयीची आशा सोडू नका आणि घाईही करू नका. दवाखान्याची रंगीत भिंत, मृदू संगीत आणि बऱ्या झालेल्या रुग्णांची स्तुतिपत्रे पाहून निर्णय घेऊ नका. नोंदणीचा दाखला पाहा, प्राणवायूचा सिलिंडर पाहा, मानसोपचारकाचे नाव विचारा, दुसरे मत घ्या. आणि हे सर्व करूनही एखाद्या डॉक्टरने ‘तुम्हांला याची गरज नाही’ किंवा ‘तुम्हांला हे मानवणार नाही’ असे सांगितले, तर निराश होऊन दुसऱ्या दाराशी जाण्यापूर्वी त्याचे कारण नीट ऐकून घ्या. आपल्या हिताचा विचार करणारा डॉक्टर बहुधा आपल्याला भेटलेला असतो.